टॉवर स्पीकर आणि त्याला साजेसा ॲम्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पीकर आणि ॲम्पबद्दल (ॲम्प्लिफायर, म्हणजे स्पीकरला पॉवर देणारं यंत्र) मला जे मेसेज येतात त्यातले बरेचसे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून शेवटी सगळे एका जागी लिहून काढले. सुरुवातीचे अगदी साधे आहेत, पुढचे जरा गुंतागुंतीचे. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला की तिथे नंबर दिलाय, म्हणजे तेच परत वाचावं लागणार नाही. घाईत असाल तर ३, ५ आणि ८ आधी वाचा, पैसे चुकीच्या जागी जातात ते बहुतेक या तिघांमुळेच.

१. टॉवर आणि बुकशेल्फमध्ये नेमका फरक काय? टॉवर म्हणजे चांगलाच आवाज असतो का?

टॉवर म्हणजे जमिनीवर उभा राहणारा उंच खोका, बुकशेल्फ म्हणजे स्टँडवर ठेवायचा छोटा. आतली हवा जास्त आणि बऱ्याचदा वूफर (बेस वाजवणारे मोठे कोन) दोन किंवा तीन, त्यामुळे बेस खाली जातो आणि तेवढ्याच पॉवरमध्ये आवाजही थोडा मोठा मिळतो. एवढंच. मधला आणि वरचा आवाज, म्हणजे गायकाचा गळा, तारांचा टणत्कार, झांजांचा खणखणाट, हा टॉवरमध्ये आपोआप चांगला होत नाही, तो ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग, म्हणजे वूफर आणि बारीक आवाजाचा छोटा ट्वीटर) आणि क्रॉसओव्हर (त्यांच्यात आवाजाची वाटणी करणारं सर्किट) यांच्या कामावर ठरतो. एकाच सिरीजचा टॉवर आणि बुकशेल्फ शेजारी ठेवलात तर मधला भाग बऱ्यापैकी सारखाच ऐकू येईल. आणि बुकशेल्फ जागा वाचवतो म्हणतात ते अर्धंच खरं आहे, कारण त्याला स्टँड लागतो आणि स्टँड जमिनीवर तेवढीच जागा खातो.

२. गाण्यांसाठी वेगळे आणि सिनेमासाठी वेगळे स्पीकर घ्यायचे का?

नाही. स्पीकरला काय वाजतंय ते कळत नाही. ध्वनी संशोधक फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि मग हरमन या ऑडिओ कंपनीत वर्षानुवर्षं पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले, आणि लोकांची पसंती फिरून फिरून त्याच प्रकारच्या स्पीकरला मिळत गेली: समोरून सपाट रिस्पॉन्स (खालचे-वरचे सगळे सूर सारख्याच जोराने) आणि बाजूला जाताना तो एकसारखा उतरत जाणारा. सिनेमात वेगळं लागतं ते म्हणजे अचानक येणारे मोठे दणके, खूप खालचा बेस आणि मधल्या सीटवर न बसलेल्यांनाही डायलॉग पडद्यावरूनच येतोय असं वाटणं. या तिन्हीचं उत्तर ॲम्प, सबवूफर (फक्त खोल बेसचा वेगळा स्पीकर) आणि सेंटर स्पीकरमध्ये (पडद्यापाशी मध्ये ठेवायचा, डायलॉगचा) आहे (५, १४, १७ बघा).

३. आधी स्पीकर ठरवू की आधी ॲम्प?

आधी खोली, मग स्पीकर, मग ॲम्प. हा क्रम उलटा केला की गडबड होते. चांगल्या अवस्थेतले, क्लिप न होणारे (७ बघा) दोन ॲम्प एकाच लेव्हलला लावले तर त्यांच्यातला फरक फार थोडा असतो, दोन स्पीकरमधला फरक मात्र शेजारच्या खोलीतून कळतो. खोलीचं तर त्याहून जास्त. एकच टॉवर एका खोलीत घुमतो आणि दुसऱ्या खोलीत त्याला बेसच नाही असं वाटतं (१९ बघा). बजेटचा सगळ्यात मोठा वाटा स्पीकरला द्या, आणि ॲम्प त्या स्पीकरला जे लागतं त्याप्रमाणे शोधा.

४. स्पीकरवर सेन्सिटिव्हिटी ८७ डीबी लिहिलंय, याचा अर्थ काय?

स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले आणि १ मीटरवर मोजलं तर ८७ डेसिबल आवाज आला. ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप (८ बघा). ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट. पण ४ ओहमच्या स्पीकरला तेवढेच व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात! म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरवर ९० लिहिलं असेल तर एका वॅटच्या हिशोबाने तो ८७ चाच आहे. ही मेख माहीत नसली की तुलना चुकते.

घरगुती टॉवर साधारण ८५ ते ९२ च्या मध्ये असतात. दोन टोकं बघायची तर बीबीसीसाठी डिझाइन झालेला छोटा एलएस३/५ए साधारण ८३ चा, आणि १९४६ पासून चालत आलेला हॉर्नवाला क्लिपशहॉर्न, ज्याचा कंपनीने दिलेला आकडा १०५ आहे. मधले २२ डीबी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दीडशेपट पॉवर. यात चांगला वाईट असं काही नाही, छोट्या खोक्यातून खोल बेस काढायचा तर सेन्सिटिव्हिटी सोडावीच लागते. खोका लहान, बेस खोल आणि आवाज मोठा, यातल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात.

५. मग मला किती वॅट लागतील?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. दुर्दैवाने याचं उत्तर लोक एका आकड्यात मागतात, आणि दुकानदार एका आकड्यात देतातही. पण हिशोब पाच मिनिटांचा आहे, स्वतः करा. तीन गोष्टी लक्षात ठेवा: पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डीबी वाढतात, दहापट केली की १० डीबी वाढतात (आणि कानाला साधारण दुप्पट मोठं वाटतं), आणि उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डीबी कमी होतात, खोलीत भिंतींमुळे त्याहून कमी.

आता समजा स्पीकर ८८ डीबी, ८ ओहम, आणि तुम्ही ३ मीटरवर बसता. ३ मीटरचे जास्तीत जास्त साडेनऊ डीबी गेले, दोन स्पीकर आहेत म्हणून ३ परत मिळाले, म्हणजे एका वॅटला तुमच्या कानापाशी साधारण ८१.५ डीबी. आता तुम्ही गाणी सरासरी ८० ला ऐकता, जे बऱ्यापैकी मोठं आहे, आणि वर दणक्यांसाठी १५ डीबी ठेवले, तर टोक ९५. म्हणजे साडेतेरा डीबी वर जायचंय, त्याला प्रत्येक चॅनलला साधारण २२ वॅट लागतात. बस्स! सरासरी आवाजाला तर एक वॅटही पुरा लागत नाहीये.

पण त्याच खोलीत सिनेमा थिएटरच्या रेफरन्स लेव्हलला (म्हणजे तिथल्या ठरलेल्या प्रमाण आवाजाला) बघायचा म्हणालात तर टोक १०५ डीबीला धरतात, आणि मग आकडा सव्वादोनशे वॅटच्या आसपास जातो. स्पीकर ९४ डीबीचा घेतला असता तर हेच काम ५५-६० वॅटमध्ये झालं असतं. खोली थोडा आवाज परत देते म्हणून प्रत्यक्षात यापेक्षा कमीच लागतात, आणि घरात रेफरन्स लेव्हलला पूर्ण सिनेमा बघणारे मला फार भेटले नाहीत, बहुतेक जण त्याच्या १० ते १५ डीबी खालीच ऐकतात.

या हिशोबातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसते, ती म्हणजे ८० वॅटचा ॲम्प सोडून १०० वॅटचा घेतल्याने १ डीबीपण वाढत नाही. त्या फरकासाठी जास्त पैसे देऊ नका.

६. स्पीकरवर १५० वॅट लिहिलंय आणि माझा ॲम्प ६० चा आहे, चालेल का? आणि उलटं असेल तर?

दोन्ही चालतं. स्पीकरवरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती सोसेल, त्याला तेवढी पॉवर लागतेच असं नाही. ॲम्पही तुम्ही व्हॉल्यूम जितका द्याल तितकीच पॉवर देतो, २०० वॅटचा ॲम्प ६० वॅटच्या स्पीकरला लावला म्हणून स्पीकर जळत नाही, आवाज फाटायला लागल्यावरही नॉब वर नेत राहिलात तर जळतो.

अजून एक, नॉब अर्ध्यावर म्हणजे अर्धी पॉवर असं अजिबात नसतं. सोर्सचा सिग्नल दमदार असेल तर बऱ्याच ॲम्पमध्ये नॉब निम्म्याच्या थोडा पुढे गेला की पूर्ण पॉवर येऊन जाते.

७. कमी वॅटच्या ॲम्पने ट्वीटर जळतो असं ऐकलं, खरं आहे का?

अर्धं खरं. कमी वॅटचा ॲम्प हळू वाजवला तर काहीही होत नाही, कितीही वर्षं वाजवा. प्रश्न येतो तो ॲम्पला त्याच्या ताकदीबाहेर ढकलल्यावर. सिग्नलचे शेंडे कापले जातात, त्याला क्लिपिंग म्हणतात, आणि पूर्ण कापलेल्या वेव्हची सरासरी पॉवर तेवढ्याच उंचीच्या न कापलेल्या साइन वेव्हच्या दुप्पट होते. त्यात बेसचे शेंडे आधीच छाटले गेलेले असतात, पण बारीक वरचा आवाज नॉबबरोबर वाढतच राहतो, त्यामुळे नाजूक ट्वीटरकडे नेहमीपेक्षा खूप जास्त वाटा जातो आणि त्याची केसाएवढी कॉइल तापून तुटते. पार्टीत ट्वीटर जातात ते असेच. आवाज कर्कश, चिरका झाला की लगेच खाली घ्या, एवढं पाळलं तर ३० वॅटवरही सुखात राहाल.

८. ४ ओहम, ६ ओहम, ८ ओहम, माझ्या ॲम्पला कुठला चालेल?

ओहमचा आकडा हा एक आकडा नसतोच मुळात, ती वरखाली जाणारी रेषा असते. ८ ओहम लिहिलेला टॉवर एखाद्या फ्रिक्वेन्सीला (सुराची पट्टी, हर्ट्झमध्ये मोजतात) ३० ओहम दाखवेल आणि दुसरीकडे ४ च्या खाली उतरेल. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या स्टँडर्डप्रमाणे किमान इम्पीडन्स (हाच ओहमचा आकडा) लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जायला नको, म्हणजे ८ ओहमवाल्याने ६.४ च्या खाली उतरायला नको, पण कितीतरी कंपन्या हे सर्रास मोडतात आणि साडेतीन ओहमपर्यंत बुडणाऱ्या टॉवरवर ८ छापतात. म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये किमान इम्पीडन्स शोधा, तिथे नसेल तर कुणीतरी स्वतंत्रपणे मोजलेला आलेख शोधा.

याने ॲम्पला काय होतं? २० व्होल्ट दिले तर ८ ओहममधून अडीच ॲम्पिअर जातात आणि ४ मधून ५. ओहम अर्धे, करंट दुप्पट, आणि ॲम्पच्या आतली उष्णताही वाढते. हा खड्डा बेसमध्ये, साधारण ८० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यात असेल तर जास्त त्रास, कारण संगीतातली बरीचशी ताकद तिथेच असते. त्यात तिथे फेज अँगलही (व्होल्टेज आणि करंट यांच्या वेळेतला फरक) मोठा असेल तर ॲम्पला तो लोड ओहमच्या आकड्यापेक्षा अजून जड वाटतो.

ॲम्प निवडताना साधी खूण सांगतो. त्याच्या ८ ओहमच्या वॅटशेजारी ४ ओहमचे वॅट दिलेत का बघा. ६० चे १०० झाले तर पॉवर सप्लाय चांगला आहे, ६० चे ११५-१२० झाले तर फारच दमदार, आणि ४ ओहमचा आकडाच दिलेला नसेल तर तिथे अवघड टॉवर लावू नका.

९. माझ्या रिसीव्हरमध्ये (सिनेमासाठीचा, बरेच चॅनल असलेला ॲम्प) इम्पीडन्स ४ किंवा ६ ओहमवर न्यायचं सेटिंग आहे, ४ ओहमचे टॉवर आहेत तर ते बदलू का?

नावावरून वाटतं की ॲम्प आता ४ ओहमसाठी तयार झाला, पण बहुतेक रिसीव्हरमध्ये ते सेटिंग आतला व्होल्टेज कमी करतं, म्हणजे तापमान मर्यादेत राहतं आणि त्याबरोबर पॉवरही उतरते. परिणामी क्लिपिंग लवकर येतं. मी स्वतः ते ८ वरच ठेवायला सांगतो, वर आणि बाजूंना मोकळी हवा ठेवून, आणि व्हॉल्यूम समजून वापरून. पण मॅन्युअलमध्ये त्या ओहमचे स्पीकर लावूच नका असं स्पष्ट लिहिलं असेल, किंवा रिसीव्हर अधूनमधून प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडत असेल, तर सेटिंगशी खेळत बसू नका, वेगळा पॉवर ॲम्प, म्हणजे नुसती पॉवर देणारा ॲम्प, लावा (११ बघा).

१०. रिसीव्हरच्या खोक्यावर एवढे मोठे वॅट असतात, ते खरे मानायचे का?

आकड्याच्या शेजारची बारीक अक्षरं वाचा. "६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनल चालू" असं असेल तर तो आकडा विसरा, कारण १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे आवाज फाटलेला आहे. "८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, दोन चॅनल चालू, डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या आत" असं असेल तो आकडा कामाचा. अमेरिकेत तर याच गोंधळामुळे १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनला ॲम्पच्या पॉवरचे आकडे कसे जाहीर करायचे याचा नियमच करावा लागला होता.

सात किंवा नऊ चॅनल एकदम चालवले तर प्रत्येकाला त्याहून बरेच कमी मिळतात, कारण आतला ट्रान्सफॉर्मर एकच. तरी घाबरायचं कारण नाही, सिनेमात सगळे चॅनल एकाच क्षणी टोकाला क्वचितच जातात.

११. रिसीव्हर घेऊ की स्टीरिओ ॲम्प? मला दोन्ही हवंय.

सिनेमा जास्त आणि गाणी कधीतरी, तर सरळ रिसीव्हर. फक्त गाणी, तर स्टीरिओ इंटिग्रेटेड ॲम्प (दोन चॅनलचा, नॉब आणि पॉवर एकाच खोक्यात), त्याच पैशात पॉवर सप्लाय जास्त चांगला मिळतो आणि मेनूची कटकट नाही.

दोन्ही मनापासून हवं असेल तर दोन रस्ते आहेत. पहिला, प्री-आउट (बाहेरच्या ॲम्पला सिग्नल द्यायची सॉकेट) असलेला रिसीव्हर घ्यायचा आणि पुढच्या दोन टॉवरना नंतर वेगळा पॉवर ॲम्प जोडायचा. दुसरा, स्टीरिओ ॲम्प असा घ्यायचा ज्याला होम थिएटर बायपास (त्याचा स्वतःचा व्हॉल्यूम नॉब वगळणारं इनपुट) आहे, रिसीव्हरचे फ्रंट प्री-आउट त्यात घालायचे, म्हणजे सिनेमाच्या वेळी तो नुसता पॉवर ॲम्प म्हणून वागतो आणि गाण्याच्या वेळी रिसीव्हर बंद ठेवता येतो. बायपास नसला तरी जमतं, साध्या इनपुटला जोडून नॉब एका ठरलेल्या खुणेवर ठेवायचा, पण ती खूण कुणी हलवली की पुढच्या स्पीकरचा बॅलन्स बिघडतो, आणि एखाद्या दिवशी नॉब फुल असताना सिनेमा लागला तर स्पीकरचं काही खरं नाही. बायपासवालाच बघा.

म्हणून रिसीव्हर घेताना निदान फ्रंटचे प्री-आउट आहेत का एवढं नक्की तपासा. ते नसले की पुढचे सगळे रस्ते बंद होतात.

१२. क्लास ए, एबी, डी यात चांगला कुठला?

डी म्हणजे डिजिटल नव्हे, तो फक्त वर्गवारीतला पुढचा अक्षर आहे. क्लास ए सतत पूर्ण करंट ओढतो, शेगडीसारखा तापतो. एबी हा मधला मार्ग आणि बहुतेक ॲम्प त्यातले. डी स्विचिंगवर चालतो, थंड राहतो, हलका असतो. पूर्वी डी म्हणजे वरचा आवाज कोरडा अशी तक्रार असायची, आताच्या चांगल्या मॉड्यूलमध्ये ती राहिली नाही. वजन उचलून ॲम्प चांगला की वाईट ठरवायची जुनी पद्धत एबीला लागू पडते, डीला नाही. क्लासपेक्षा ८ मधलं उत्तर जास्त महत्त्वाचं.

१३. ट्यूब ॲम्पवर टॉवर वाजतील का?

ट्यूब म्हणजे ट्रान्झिस्टरच्या जागी काचेचे व्हॉल्व्ह असलेला ॲम्प. वाजतील, पण टॉवर बघून. ३००बी व्हॉल्व्हचा सिंगल एंडेड ॲम्प साधारण ८ वॅट देतो, त्याला ९५-९६ डीबीच्या वरचे स्पीकर हवेत. ईएल३४ ची पुश-पुल जोडी ३५ वॅटच्या आसपास जाते, तिच्यावर ९० डीबीचा टॉवर मध्यम खोलीत छान चालतो. ट्यूबचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असतो, त्यामुळे स्पीकरच्या ओहमची वरखाली होणारी रेषा आवाजात उमटते, म्हणून रेषा जितकी सपाट तितकं बरं. मागे ४ आणि ८ चे वेगळे टर्मिनल असतात, दोन्ही लावून बघा आणि कानाला पटेल ते ठेवा. आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प कधीही चालू करून सिग्नल देऊ नका, ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

१४. टॉवर आहेत तरी सबवूफर लागतोच का?

सिनेमासाठी हो. साडेसहा इंची वूफरचा पोर्टवाला (खोक्याला हवेचं भोक असलेला) टॉवर साधारण ३५-४० हर्ट्झपर्यंत ठीक जातो, त्याखाली पोर्टवाल्या खोक्याचा आवाज दर ऑक्टेव्हला (फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की) २४ डीबी इतक्या वेगाने कोसळतो, आणि कोन मात्र हवेचा आधार सुटल्यासारखा जोरजोरात हलत राहतो. सिनेमात ३० हर्ट्झच्या खाली खूप काही असतं. शिवाय एलएफई नावाचा (सिनेमातल्या खोल दणक्यांचा) वेगळा चॅनल १० डीबी जास्त जोराने वाजवायचा म्हणूनच ठेवलेला आहे, तो ओढणं टॉवरचं काम नव्हे.

गाण्यांसाठी लागेलच असं नाही, पण एक कारण लोक विसरतात. टॉवर जिथे ठेवल्यावर गायक बरोबर मध्ये उभा राहतो ती जागा बेससाठी चांगली असेलच असं नाही, बऱ्याचदा नसतेच. सबवूफर वेगळा असला की तो बेसला आवडेल तिथे ठेवता येतो. आणि जमलं तर एका मोठ्यापेक्षा दोन मध्यम घ्या, वेगवेगळ्या जागी ठेवले की सगळ्या सीटवर बेस सारखा होतो.

१५. रिसीव्हरमध्ये माझे टॉवर लार्ज ठेवू की स्मॉल? एवढे मोठे स्पीकर स्मॉल कसे म्हणायचे?

नावाने फसू नका, त्याचा स्पीकरच्या आकाराशी संबंध नाही. स्मॉल म्हणजे ठराविक फ्रिक्वेन्सीखालचा बेस सबवूफरकडे पाठव, लार्ज म्हणजे सगळा इथेच वाजव. सबवूफर असेल तर टॉवरनाही स्मॉल करा आणि ८० हर्ट्झपासून सुरुवात करा, मोठे टॉवर असतील तर ६० करून बघा. पॉवरचा मोठा हिस्सा बेस खातो, तो सबवूफरच्या स्वतःच्या ॲम्पकडे गेला की रिसीव्हरला एकदम मोकळं वाटतं, डायलॉगसुद्धा स्वच्छ होतात.

लार्ज बरोबर कधी? सबवूफर नसेल तेव्हा, किंवा टॉवर खरंच २५ हर्ट्झपर्यंत जाणारे असतील आणि त्यांना वेगळा दमदार ॲम्प असेल तेव्हा. "एलएफई प्लस मेन" हे तिसरं सेटिंग तोच बेस दोन ठिकाणाहून वाजवतं, त्याने काही सीटवर गडगडाट आणि काहींवर खड्डा होतो, टाळलेलंच बरं.

१६. ऑटो सेटअप केलं तर विचित्र आकडे आले, मशीन चुकलं का?

ऑटो सेटअप म्हणजे मायक्रोफोनने खोली मोजून रिसीव्हरने स्वतःच सेटिंग करणं. ऑडिसी, डिरॅक, वायपाओ, त्याच्या सगळ्या प्रकारांबद्दल हा प्रश्न येतो. यातल्या तीन गोष्टी अगदी नेहमीच्या आहेत.

टॉवर लार्ज झाले: मायक्रोफोनला खाली बेस सापडला म्हणून. हाताने स्मॉल करा. क्रॉसओव्हर (इथे ज्या फ्रिक्वेन्सीखालचा बेस सबवूफरकडे जातो ती) सुचवलेल्या आकड्याच्या वर नेलेला चालतो, खाली आणू नका.

सबवूफर २ मीटरवर असताना ३.५ मीटर दाखवतंय: बरोबर आहे. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाज उशिरा निघतो, मशीन तो उशीर अंतरात मोजतं. टेपने मोजून तो आकडा "सुधारलात" तर बिघडेल.

फेज उलटी आहे असा एरर: आधी वायर तपासा, लाल लालला आणि काळा काळ्याला. बरोबर असेल तर पुढे जा, काही टॉवरमध्ये क्रॉसओव्हरच्या गरजेने एखादा ड्रायव्हर मुद्दाम उलटा जोडलेला असतो आणि मशीन त्याला फसतं.

आणि करेक्शननंतर आवाज निर्जीव वाटला तर ते फक्त ३०० ते ५०० हर्ट्झच्या खाली लागू करता येतं का बघा. खोलीचा खरा त्रास तिथेच असतो, वरचा भाग चांगल्या स्पीकरचा आहे तसाच राहू द्यावा.

१७. सेंटर स्पीकर दुसऱ्या कंपनीचा चालेल का?

शक्यतो नको. गाडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे गेली की मध्येच तिचा आवाज बदलतो, ते सारखं खटकत राहतं. त्याच सिरीजचा घ्या, आणि सिरीजमधला सगळ्यात छोटा सेंटर मोठ्या टॉवरमध्ये ठेवू नका, सिनेमात सगळ्यात जास्त काम सेंटरच करतो. आडव्या खोक्यात दोन बाजूंना दोन वूफर आणि मध्ये फक्त ट्वीटर असेल तर बाजूला बसणाऱ्यांना डायलॉग पोकळ ऐकू येतो, म्हणून मध्ये ट्वीटरखाली वेगळा मिडरेंज (मधल्या आवाजाचा ड्रायव्हर) असलेला बघा. आणि फक्त एक-दोन जण मध्येच बसत असतील तर सेंटर नसलेलाही चालतो, रिसीव्हर तो आवाज दोन टॉवरमध्ये वाटून देतो.

१८. टॉवर नेमके कुठे ठेवायचे?

दोन टॉवर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण करा, म्हणजे प्रत्येक टॉवर मधल्या रेषेपासून ३० अंशांवर. ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला येतोय का बघा. मग टॉवर थोडे आत वळवा आणि ऐका, वळवत वळवत गायक मध्ये एका जागी पक्का झाला की थांबा. डावीकडे भिंत आणि उजवीकडे मोकळा पॅसेज असेल तर आवाज एका बाजूला ओढला जातो, तिथे बॅलन्सपेक्षा खोलीची बाजू बदलून बघणं जास्त उपयोगी.

मागच्या भिंतीचं गणित गंमतशीर आहे. स्पीकरपासून भिंत जिथे पाव वेव्हलेंग्थवर (आवाजाच्या लाटेच्या लांबीच्या चौथ्या भागावर) येते त्या फ्रिक्वेन्सीला परत आलेला आवाज मूळ आवाजाला मारतो. १ मीटर अंतराला हा खड्डा ८६ हर्ट्झला पडतो, ६० सेंटिमीटरला १४३ ला. म्हणून टॉवर १०-१५ सेंटिमीटर पुढेमागे केल्यावर सगळा बेस बदलल्यासारखा वाटतो. हे फुकट आहे, एक संध्याकाळ यात घालवा! आणि घरात लहान मुलं असतील तर टॉवरखाली रुंद पाय लावा, किंवा मागून भिंतीला बांधा.

१९. दारात उभं राहिलं की बेस धडधडतो आणि सोफ्यावर काहीच नाही, ॲम्प बदलू का?

बदलू नका, ॲम्पचा यात काहीच दोष नाही. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये उभ्या लाटा तयार होतात. ४ मीटर लांबीची खोली असेल तर पहिली साधारण ४३ हर्ट्झला, ५ मीटरला ३४ ला. या पहिल्या लाटेला खोलीच्या बरोबर मध्यभागी आवाज गायब आणि भिंतीपाशी दुप्पट. सोफा मध्यावर असेल तर पुढे किंवा मागे सरकवा, अर्ध्या मीटरनेही फरक पडतो. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर उलटी तक्रार येते, सगळं घुमतं.

पोर्टवाले टॉवर भिंतीजवळच ठेवावे लागत असतील तर पोर्टमध्ये फोमचा बोळा घालून बघा, बेस थोडा कमी पण घट्ट होतो. भिंतीला लावायचे पातळ फोमचे तुकडे मात्र बेसला काहीच करत नाहीत.

२०. स्पीकरची वायर किती जाड, आणि महागडी घ्यावी का?

वायरचा रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांत ठेवा. ४ ओहमला १.५ चौरस मिलिमीटर शुद्ध तांब्याची वायर ८ मीटरपर्यंत पुरते, २.५ ची १४ मीटरपर्यंत. ८ ओहमला दुप्पट. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम वायर स्वस्त मिळते, ती घेतलीत तर एक साइज जाड घ्या. याच्या पलीकडे वायरवर खर्च करू नका.

२१. टॉवरच्या मागे चार टर्मिनल आहेत, बाय-वायर किंवा बाय-ॲम्प करू का?

वूफर आणि ट्वीटरला वेगवेगळी वायर म्हणजे बाय-वायर, वेगवेगळे ॲम्प चॅनल म्हणजे बाय-ॲम्प. मधली धातूची पट्टी तशीच राहू द्या आणि एकच वायर लावा. एकाच रिसीव्हरच्या उरलेल्या चॅनलनी बाय-ॲम्प केलं तरी पॉवर सप्लाय तोच असतो, फायदा जवळजवळ नाही. करायचंच असेल तर पट्टी आधी काढा, नाहीतर दोन ॲम्पचे आउटपुट एकमेकांना जोडले जाऊन नुकसान होईल.

२२. एकाच ॲम्पवर दोन जोड्या लावू शकतो का? आणि ॲम्प ब्रिज केला तर?

ए आणि बी (दोन जोड्यांची टर्मिनल) एकदम चालू केले की बहुतेक ॲम्पमध्ये जोड्या समांतर येतात, ८ आणि ८ मिळून ४ ओहम, ४ आणि ४ मिळून २. दुसरं कॉम्बिनेशन बहुतेक ॲम्पना झेपत नाही. ब्रिज म्हणजे दोन चॅनल मिळून एकाच स्पीकरला लावणं. ब्रिज केल्यावर ॲम्पच्या प्रत्येक अर्ध्या भागाला स्पीकर निम्म्या ओहमचा दिसतो, म्हणून ४ ओहमच्या टॉवरवर ब्रिज नकोच (कारण ८ मध्ये आहे).

२३. रात्री हळू आवाजात ऐकलं की बेस नाहीसा होतो, स्पीकर कमी पडतायत का?

स्पीकर नाही, आपले कान. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवलं की आवाज कमी झाला की आपल्याला खालचा भाग त्याहून जास्त कमी ऐकू येतो. जुन्या ॲम्पवरचं लाउडनेस बटण यासाठीच होतं, आणि रिसीव्हरमधले डायनॅमिक इक्यू वगैरे हेच काम करतात. रात्रीचं ऐकणारे असाल तर ॲम्पला टोन कंट्रोल किंवा लाउडनेस आहे ना बघून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

२४. ऐकून निवडायला गेलो तर काय लक्षात ठेवू?

दोन्ही स्पीकर एकाच लेव्हलला वाजवा, फोनवरचं मीटर ॲप तुलनेपुरतं चालतं. १ डीबी जरी मोठा असला तरी तो मोठा म्हणून न कळता "जास्त चांगला" वाटतो, आणि विकणाऱ्यांना हे माहीत असतं. स्वतःची पाठ असलेली गाणी न्या, त्यात एक तरी नुसता माणसाचा आवाज असलेलं. पहिल्या मिनिटात डोळे दिपवणारा स्पीकर तासाभराने डोकं दुखवतो, म्हणून निदान अर्धा तास बसा.

२५. जुने वापरलेले टॉवर घ्यावेत का?

घ्यावेत, पण हात लावून. वूफरच्या कडेची रिंग फोमची असेल तर ती दहा-पंधरा वर्षांत कुजून भुगा होते, ती बदलून मिळते पण किंमत ठरवताना धरा. रबराची खूप टिकते. बोटांनी कोनच्या दोन्ही बाजू सारख्या दाबून हळू आत ढकला, खरखर लागली तर कॉइल घासतेय, सोडून द्या. मग बॅलन्स एका बाजूला करून प्रत्येक टॉवर वेगळा ऐका आणि कान ट्वीटरजवळ न्या, एका बाजूचा मंद वाटला तर ट्वीटर गेलाय किंवा क्रॉसओव्हरमधला कपॅसिटर सुकलाय, त्यातला कपॅसिटर बदलणं सोपं असतं. घरी आणल्यावर दोन्हीला एकच आवाज मोनोमध्ये लावा, बोलणारा माणूस मध्ये न येता डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटला तर एका टॉवरची लाल-काळी वायर उलटी लागलीये.